डॉक्टरांना मी सांगितलं नाही

रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो, घामानं अंथरूण भिजतं, सांधे आणि कंबर ठणकते, टायफॉइडच्या गोळ्या संपल्या तरी हे थांबत नाही, आणि तुमच्या घरी शेळ्यामेंढ्या, गाईम्हशी आहेत. असं असेल तर हे पुढं वाचा. मी यातून बरी झाले. माझे वडील अजून व्हायचेत. आम्ही दोघं लवकर बरे होऊ शकलो असतो. का झालो नाही, ते सांगायला लिहितेय.

पत्रकं

मी पत्रकं लिहिते. जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातली मी पोरगी. आज्जांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, वडिलांचं म्हणजे अण्णांचं जातंय. दिवाळी झाली की आमची मेंढरं साताऱ्याकडं निघतात. तिकडचे बागायतदार पीक निघालेल्या रानात कळप बसवून घेतात, रानाला खत होतं, मेंढरांना चारा मिळतो. मी मात्र शिकायला सांगलीला आले, विश्रामबागेत खोली घेतली आणि एका संघटनेचं काम करायला लागले. चराईच्या हक्काचं काम. लिहायला येतं म्हणून पत्रकं माझ्याकडं आली.

एका फादर्स डेला सगळे बापाबरोबरचे फोटो टाकत होते, तेव्हा मी पत्रक टाकलं: ‘बापाचे उपकार कसले?’ त्यात लिहिलं होतं की घरातले बाप आणि आजे हे आपल्यावरचं पहिलं सरकार, आणि सरकारचे कुणी आभार मानतं का? मैत्रिणींनी ते भरपूर पुढं पाठवलं. अण्णा चौथीपर्यंत शिकलेत. त्यांनी ते माझ्या मोबाइलवर सगळं वाचलं आणि एवढंच म्हणाले, “अक्षर लय बारीक हाय गं.”

मला वाटलं, त्यांना कळलंच नाही.

तांब्या

त्या वर्षी आमच्या भागातल्या काही गावांनी ठरवलं की बाहेरची मेंढरं गायरानात येऊ द्यायची नाहीत, त्यांच्यामुळं रोगराई पसरते. हा अन्याय होता. आजही आहे. पिढ्यान्‌पिढ्या चरणारी जनावरं एका सभेत हात वर करून हाकलता येत नाहीत. यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. मागं घ्यायचाय तो पत्रकाचा मथळा: ‘आमची मेंढरं निरोगी. रोगी आहे तुमची नजर.’

मोर्चाच्या दोन दिवस आधी मी मेंढरांच्या तळावर गेले. आज्जा लांबच्या बांधाला खड्डा घेत होते, शेजारी राखेची पाटी.

“काय पुरताय?”

“कोकरू. दिस भरायच्या आत टाकलं. चौथी मेंढी गाभडली ही. शेळी बी एक गाभडली.” त्यांनी राख पसरली. “आता उकळल्याबिगर दूध कुणी प्यायचं न्हाई. आमचा बा सांगायचा, गाभडल्या कळपाचं कच्चं दूध हाडात उतरतं.”

“आज्जा, हे कुणापुढं बोलू नका. परवा मोर्चा हाय.”

“मोर्चाचा आन् कोकराचा काय संबंध?”

“पत्रक छापून झालंय.”

आज्जा अण्णांकडं बघायला लागले. अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आबा. पोरगी म्हणती तर काय तरी कारण असंल.”

कारण होतं. छापलेली दोन हजार पत्रकं खोटी पडू नयेत, हे कारण.

मोर्चाला आम्ही पंधरा-वीस शेळ्यामेंढ्या घेऊन सरकारी कचेरीच्या दारात बसलो. आज्जा कळपापाशी थांबले होते, अण्णा माझ्याबरोबर होते. माझं भाषण रंगात आलं आणि गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, “निरोगी म्हणतीस, तर दूध पिऊन दाखव की!”

मी म्हटलं, दाखवते. अण्णांना शेळीची धार काढायला सांगितली. ते उकिडवे बसून धार काढत होते, लय सावकाश. तांब्या देताना हळूच म्हणाले, “तीन दगडं मांडतो. उकळून देतो, बाय.”

“अण्णा, लोक हसतील.”

अर्धा तांब्या मी प्याले. टाळ्या पडल्या. मी ओठ पुसेपर्यंत अण्णांनी तांब्या माझ्या हातातनं काढून घेतला आणि उरलेलं दूध उभ्या उभ्या संपवलं. पुन्हा टाळ्या. त्याचा व्हिडिओ दोन जिल्ह्यांत फिरला. मला वाटलं, बापाला लेकीचा अभिमान वाटला.

“घरी जनावरं आहेत?”

साधारण तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. आधी मी खोलीवरच काढला. मग गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या. मग सलाइन. महिना झाला, जिना चढता येईना. अण्णा तळ आईवर आणि आज्जांवर सोडून आले आणि मला सांगलीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

ज्या डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, “घरी जनावरं आहेत? कच्चं दूध पिण्यात आलं होतं?”

त्यांनी विचारलं होतं. मी नंतर कितीदा म्हणत सुटले, या व्यवस्थेत गरिबाला कोण विचारतं! मला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, मराठीत, स्वच्छ.

मी म्हणाले, “नाही.”

अण्णा मागं पिशवी धरून उभे होते. मी वळून त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांचं उघडलेलं तोंड मिटलं. केसपेपरवर व्यवसाय ‘शेती’ लिहायला लावला. माझ्या मनात काय होतं, सांगते. तो व्हिडिओ लोकांच्या मोबाइलमध्ये होता. शेजारी रांगेत उभ्या बायकांत आमच्या तालुक्याची एखादी असती तर? ‘दूध पिऊन दाखवणारी त्याच दुधानं पडली’ असं गावोगाव झालं असतं. मला आजार बरा करायचा होता, पण मथळा न बदलता.

नळावर अण्णा

दवाखान्यात दिवस ठरलेला असतो. पहाटे फरशी पुसणारी मावशी खाटा ढकलते. मग काखेत थर्मामीटर. मग रक्त. मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढतात. दुपारी जरा बरं वाटतं आणि आपण उगाच आलो असं वाटायला लागतं. चार वाजले की हातपाय गार पडतात आणि कळतं, आला.

फेरीत एकदा ‘टीबी’ हा शब्द ऐकला. नंतर ‘मणका’ ऐकला. त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली. इतकी वर्षं मी शेकडो लोकांना ‘घाबरू नका’ म्हणत आले, आणि तेव्हा मला एकही घोषणा आठवली नाही. अण्णांचा हात धरावासा वाटला. पण बायकांच्या वॉर्डात ठरलेल्या वेळेशिवाय पुरुषांना येऊ देत नव्हते. अण्णा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले असायचे.

घामानं माझे कपडे दिवसातनं तीनदा भिजायचे. ते अण्णा धुवायचे. आवारात नळ होता, तिथं सगळ्या बायका. त्यांच्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला हा एक माणूस लेकीचे गाऊन आणि परकर घासत बसलेला. पुरुष घरात कपडे का धूत नाहीत यावर मी दोन पत्रकं लिहिलीत. माझा बाप धूत होता तेव्हा मला लाज वाटली.

शेजारच्या खाटेवर तासगावकडच्या एक मावशी होत्या. त्या खिडकीतनं बघून म्हणाल्या, “आगं, तुझा बाप लय झ्याक धुतो की! आमच्या म्हाताऱ्याला चार दिस शिकवणीला धाडू का?”

वॉर्ड हसला. मी भिंतीकडं तोंड केलं.

नळावरनं उठताना अण्णा पाइप धरून उठतात, हे मला खिडकीतनं दिसलं होतं. पायऱ्या चढताना मध्येच थांबतात, हेही. मी म्हणायची, “अण्णा, जरा भराभर या की, भेटायची वेळ संपती.” ते “आलो, आलो” म्हणायचे. वय झालं, असं मी ठरवून टाकलं. अण्णा पन्नाशीही ओलांडलेले नाहीत.

आज्जा आले

अकराव्या दिवशी आज्जा जतहून एसटीनं आले. फेरीच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढलं, पण आज्जा खाटेच्या पायथ्याला काठी टेकून उभेच राहिले. शिपाई दोनदा “बाबा, चला” म्हणाला. त्यांना ऐकायला येत नसल्यासारखं त्यांनी केलं. आज्जांना लांबच्या शेळीचं खाकरणं ऐकू येतं.

डॉक्टरीणबाई मला सांगत होत्या, “आपण टीबीची औषधं सुरू करायचा विचार करतोय, पण काही गोष्टी जुळत नाहीयेत.”

“बाई,” आज्जा म्हणाले, “आमची मेंढरं गाभडल्यात. शेळ्या बी. हिनं त्यातलंच कच्चं दूध प्यालंय, अर्धा तांब्या.”

मी ओरडले. तापात जेवढा आवाज निघेल तेवढ्यानं. “आज्जा, आवं गप बसा! काय बी काय सांगताय!”

“तूच गप बस,” आज्जा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते मला असं बोलले. “लय दिस तुझं ऐकून गप बसलो.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “कधी प्यायली? किती जनावरं गाभडली?” आज्जा एकेक सांगत गेले, कुठली मेंढी, कितव्या महिन्यात, कोकरू कसं होतं. त्या लिहून घेत होत्या. मग माझ्याकडं वळल्या. “मी पहिल्या दिवशी विचारलं होतं ना तुला?”

मी चादर तोंडावर ओढली.

“आणखी कोण प्यायलं?”

आज्जांनी काठी दाराकडं केली. दारात अण्णा उभे होते.

“मला काय न्हाई,” अण्णा म्हणाले. “मी दणकट हाय.”

“वाका बघू जरा. पायाच्या अंगठ्याला हात लावा.”

अण्णा वाकायला लागले. गुडघ्यापर्यंतही हात गेला नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी माझ्या खाटेची कड धरली. अकरा दिवस हा माणूस व्हरांड्याच्या फरशीवर झोपत होता, नळावर उकिडवा बसत होता. ताप त्यालाही येत होता. कुणाला म्हणाला नाही, कारण त्यानं सांगितलं असतं तर मी खोटी पडले असते.

भांडण

रक्ताच्या तपासणीत निघालं. ब्रुसेलोसिस. नाव मला पाच वेळा विचारावं लागलं. जनावरांतनं माणसात येतो, नीट औषध घेतलं की बरा होतो. मला दीड महिना गोळ्या. अण्णांच्या दोन मणक्यांत उतरला होता, त्यांना किती महिने ते बघून ठरवू म्हणाल्या. “महिनाभर आधी कळलं असतं तर एवढं झालं नसतं बहुतेक,” हेही म्हणाल्या. आई आणि आज्जांच्या रक्तात काही निघालं नाही. ते दोघं उकळल्याशिवाय घोटभरही घेत नव्हते.

एवढं झाल्यावर मी काय करावं? मी आज्जांशी भांडले. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. गोळ्यांनी जरा ताप उतरल्याबरोबर मी त्यांना म्हणाले, “तुमी सगळ्यांदेखत सांगायला नको होतं. मला बाजूला घ्यायचं. आता आपल्या मेंढरांना कुठलं गाव उभं करंल? आमच्या संघटनेचं तोंड काळं केलंत.”

आज्जा भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, “ताप तुला आलाय. तुझ्या कागदाला न्हाई आला.”

आई तळावरनं आली. अण्णा तोवर पुरुषांच्या वॉर्डात दाखल झाले होते. ती आधी त्यांच्याकडं गेली, मग माझ्याकडं. डब्याचं झाकण काढून समोर ठेवलं आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याची कंबर तुझ्या भाषणात गेली.” पुढं आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र दोन्ही वेळा घेऊन आली, गरम.

सातारा

जनावरांच्या डॉक्टरांनी कळपाचं रक्त तपासलं. ज्यांच्यात निघालं ती आज्जांनी वेगळी काढली. व्यापारी दारात आले होते, विकून टाका, कुणाला कळतंय म्हणाले. बाजारात खरंच कुणी विचारलं नसतं. आज्जांनी त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. ती मेंढरं डॉक्टरांच्या हवाली करताना ते प्रत्येकीच्या पाठीवरनं हात फिरवत होते, असं आई सांगते. मी बघायला गेले नाही. धीर झाला नाही.

मला घरी सोडल्यावर आज्जा म्हणाले, “साताऱ्याला जायचं. सुभेदारांना सांगाय पायजे.”

सुभेदार म्हणजे फौजेतनं निवृत्त झालेले ऊसवाले शेतकरी. आमचा कळप दरवर्षी पहिल्यांदा त्यांच्या रानात बसतो. मी म्हटलं, फोन करा की. आज्जा म्हणाले, “ज्याच्या घरात जेवलो, त्याला असलं फोनवर सांगत न्हाईत. आन् तू बी चल.”

सांगली ते सातारा एसटीत मी खिडकीला डोकं टेकून होते. आज्जांनी सगळा वेळ माझी पिशवी मांडीवर धरली.

सुभेदारांच्या पडवीत बसल्यावर चहा यायच्या आधीच आज्जांनी सांगून टाकलं. “यंदा आमची मेंढरं येत न्हाईत. रोग निघालाय. दुसरा कळप बघा. आन् गेल्या साली आमच्याकडनं दूध घेतलं हुतं, तर घरातल्यांची एकदा तपासणी करा.”

सुभेदार माझ्याकडं बघून म्हणाले, “दूध पिणारी तूच न्हवं? माझ्या नातवानं दाखवला व्हिडिओ. शाबास म्हणलो हुतो मी.”

मी मान खाली घातली.

“फौजेत आजार लपवला की डबल सजा असती, ठाऊक हाय? एक आजाराची, एक लपवल्याची.” मग आज्जांकडं वळले. “तुमी मला न सांगता कळप रानात बसवला असता तरी मला कळलं नसतं.”

“व्हय,” आज्जा म्हणाले. “पर मला कळलं असतं.”

“मग ठरलं. पुढल्या साली तपासून आणा. तवर दुसरं मेंढरू माझ्या रानात न्हाई.”

परतताना मी आज्जांना विचारलं, “तुमच्यावर रागावले असते तर?”

“रागावू दे की. राग उतरतो.”

मी गावोगाव ओरडून जे मिळवू पाहत होते, आमच्या मेंढरांवर कुणीतरी विश्वास ठेवावा, तो या माणसाकडं आधीपासून होता. खरं बोलून मिळवलेला. आणि मी त्यालाच गप्प बसवलं होतं.

पुढचं वाच

आता अण्णा घरी आहेत. कमरेला पट्टा असतो. औषधं चालू आहेत, दुखणं उतरतंय. पण यंदा, कदाचित पुढंही, त्यांना मेंढरांमागं चालता येईल का, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी नवं पत्रक लिहिलं. संघटनेतले सहकारी म्हणाले, वैयक्तिक चूक छापायची गरज नाही, विरोधक वापरतील. मी म्हटलं, वापरू देत. मी सगळं लिहिलं: मथळा खोटा होता, मला माहीत होतं, मी डॉक्टरांशी खोटं बोलले, बापाला आणि आज्जाला गप्प बसवलं, मला माफ करा. छापायच्या आधी अण्णांना वाचून दाखवायला बसले.

मध्येच त्यांनी थांबवलं. “मी बी प्यालो, ते कुठं हाय?”

“तुमी माझ्यामुळं प्यालात, अण्णा.”

“तुझ्यामुळं न्हाई. तू पितीयास आन् मी बघत उभा ऱ्हाऊ व्हय?”

“ठाऊक होतं तर अडवलं का न्हाई मला? हातातनं तांब्या काढून घ्यायचा होता, मी प्यायच्या आधी!” मी चिडले. खरंच चिडले, एवढं सगळं झाल्यावरही.

अण्णांनी पट्ट्याची कडी चाचपली. “एवढ्या लोकांत तुला खाली बघाय लावायचं जिवावर आलं,” ते म्हणाले. “अडवाय पायजे हुतं. तेवढी माझी चूक लिव्ह त्यात.”

मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं.

“रडू नगंस. पुढचं वाच.”

“पुढं काय न्हाई. इथंच संपतंय.”

“संपतंय? आगं, मग हे वाचून लोकांनी करायचं काय?”

मी कागद उलटसुलट बघितला. एक अख्खं पान भरून मी चुकले, मी चुकले असं लिहिलं होतं, आणि ज्याच्या घरी आज ताप आहे त्याच्या कामाची एक ओळ त्यात नव्हती. माफीसुद्धा मी भाषणासारखी केली होती.

“पेन घे,” अण्णा म्हणाले. मी घेतलं. ते आढ्याकडं बघत सांगत गेले आणि मी, पहिल्यांदाच, दुसऱ्याचं पत्रक जसंच्या तसं लिहून घेतलं:

“दूध उकळी आल्याबिगर प्यायचं न्हाई, कुणी कितीबी म्हणू दे. मेंढी गाभडली तर उघड्या हातानं हात लावायचा न्हाई, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं, पडलेलं लांब पुरायचं. गाभडलेलं जनावर बाजारात न्यायचं न्हाई. ताप चढउतार करत असंल तर दवाखान्यात जायचं, आन् गोळ्या डॉक्टर थांबा म्हणतील तवाच थांबवायच्या, बरं वाटलं म्हणून न्हाई. एकानं प्यालं असंल तर घरातल्या सगळ्यांनी रक्त दाखवायचं. आन् डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नगा. आमी मेंढरं राखतो, हे जाऊन आधी सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काय न्हाई.”